एका फोटोत वीस क्षण: मारेची युक्ती, गॅरेजच्या दारात

पुतणीचं पाऊल चालताना नक्की कुठे पडतं हे बघायला आधी मोबाइलवर व्हिडिओ काढले. फ्रेम पुढे-मागे करण्यात संध्याकाळ गेली, हाती काही लागलं नाही. तेव्हा एतिएन-ज्यूल मारे आठवला. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याचे फोटो काढायला 12 कॅमेरे ओळीने लावले होते, म्हणजे प्रत्येक क्षणाची काच वेगळी (तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उमटायचा). पॅरिसचा मारे शरीरशास्त्रज्ञ, त्याला मोजमाप हवं होतं. त्याने कॅमेरा एकच ठेवला, काचही एकच, आणि आत फटींची चकती फिरवली: फट समोरून गेली की त्याच काचेवर आणखी एक प्रतिमा.

आपण चकती भिंगासमोर फिरवायची. जाड पुठ्ठ्याची, 30 सेंटिमीटर व्यासाची, काळी रंगवलेली. समोरासमोर दोन फटी, प्रत्येकी 2 सेंटिमीटर रुंद. एकच फट कापलीत तर चकती डगमगते. मी ती आधी टेबल फॅनवर बसवली होती. पुठ्ठा भिरभिरत माळ्यावर गेला, आणि त्याआधी आलेल्या एकमेव फोटोत पुतणीच्या जागी पांढरा फराटा होता. बॅटरीवरचं ड्रिल घ्या, लो गिअरला. मिनिटाला 300 फेरे हवेत, म्हणजे सेकंदाला 10 प्रतिमा. वेग तपासायला चकतीवर खडूची खूण करून सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. खूण 48 फ्रेममध्ये फिरून परत जागेवर आली की झालं. ड्रिल वेगळ्या स्टुलावर बांधा, ट्रायपॉडला अजिबात टेकवू नका, नाहीतर सगळंच थरथरतं.

आता मागची बाजू. इथेच बहुतेकांचं फसतं. काळी चादर टांगली की झालं असं वाटतं, पण उन्हात काळं कापडही राखाडी दिसतं, आणि ते राखाडी 20 वेळा एकावर एक साचतं. मारेने यासाठी खोल शेड बांधून आतून काळी केली होती. आमच्या सोसायटीतलं रिकामं गॅरेज तेच काम करतं: शटर वर, आत मिट्ट अंधार, पुतणी दाराबाहेर उन्हात.

कपडे पूर्ण काळे, मोजे आणि टोपीसुद्धा. कॅमेऱ्याकडच्या बाजूला पांढरी इन्सुलेशन टेप: खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, खुब्यापासून गुडघा, गुडघ्यापासून घोटा, आणि पावलावर एक पट्टी. सांध्यांवर गोल ठिपके. सगळं अंग दिसलं तर प्रतिमा एकमेकींवर चढतात. मारेनेही माणसाला काळ्या कपड्यात घालून फक्त रेघा उरवल्या. टेप ताणून लावू नका, गुडघा वाकला की सुटते.

कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, भिंगाचं छिद्र एफ 11, शटर 2 सेकंद उघडं. फोकस आधीच धरून ठेवा. भिंग आणि चकतीमधल्या मोकळ्या जागेतून उजेड शिरू नये म्हणून भिंगाभोवती काळं कापड गुंडाळा, पण चकतीला लागू देऊ नका. जमिनीलगत एक मीटरची पट्टी ठेवा, त्याशिवाय अंतर मोजता येणार नाही.

ड्रिल सुरू करा, दोन पावलं आधीच चालायला सांगा, मग शटर दाबा.

दोन्ही बाजूंनी असे फोटो घेऊन, प्रिंट काढून आम्ही टाचा टेकलेल्या रेघांवर कोनमापक ठेवला. डावा गुडघा दर वेळी उजव्यापेक्षा सरळ. पुतणी म्हणाली, "काका, मी अशी चालते?" आणि टोपी न काढताच पुन्हा दारासमोर जाऊन उभी राहिली.