इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीचे मागचे पॅड घरी बदलताना

आंबोली किंवा कुंभार्ली घाट सतत उतरणारी गाडी ब्रेकचे पॅड खाते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पुढचे पॅड बदलणं जुन्याच रीतीचं काम. पण मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असेल, तर थांबा. अशा बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पाठीला छोटी मोटर असते; बटण ओढलं की ती स्क्रू फिरवून पिस्टन पुढे रेटते. तो स्क्रू मागे न घेता पिस्टन क्लॅम्पने दाबलात, तर आतली यंत्रणा मोडते आणि पॅडच्या जागी अख्खा कॅलिपर गळ्यात पडतो.

जागा सपाट आणि पक्की हवी. अंगणातल्या ओल्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी घाला. जांभ्याचा चिरा चाकाला अडवायला ठीक आहे, पण गाडीखाली आधाराला अजिबात नको. एका टोकावर भार आला की फुटतो. तिथे जॅक स्टँडच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, कारण हँडब्रेक आता सुटणार आहे. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा.

मग सर्व्हिस मोड, म्हणजे मोटरकडून तो स्क्रू मागे घेऊन ठेवणं. काही गाड्यांत तो बटण-पेडलच्या ठरावीक क्रमाने लागतो, तो क्रम मॅन्युअलमध्ये बघा. बाकीच्यांना तुमच्या मॉडेलचा हँडब्रेक चालवणारा स्कॅनर लागतो. फक्त फॉल्ट कोड वाचणारा स्वस्त डोंगल इथे उपयोगाचा नाही. बॅटरी आधी चार्ज करा. मोटर मागे गेली की इग्निशन बंद, चावी घरात, आणि पोरांना बटणाला हात न लावण्याची तंबी. बोट आत असताना मोटर फिरली तर बोट जातं.

चाक काढून कॅलिपर सोडवा आणि तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. जुन्या पॅडची धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनर मारून पुसा.

आता खरं काम. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आधी धरतात त्या कॅलिपरच्या सरकत्या पिना. दोन्ही पिना ओढून बघा: एक सहज येते आणि दुसरी करकरत, असं हमखास दिसतं. आतला पॅड पत्र्याला टेकलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर कारण बहुधा हेच. पिना स्वच्छ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमधल्या क्लिपा काढा, खालचा गंज तारेच्या ब्रशने घासा. नवा पॅड तिथे हाताने सरकला पाहिजे, हातोडीने नाही. डिस्कची जाडीही मोजा, किमान आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो.

पिस्टन हळूहळू दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष असू द्या; ओसंडलं तर रंग खातं. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरावर, आवळा.

गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. मगच सर्व्हिस मोडमधून बाहेर पडा, हँडब्रेक दोन-तीनदा लावून सोडा. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा दिवा विझला नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका.

लगेच घाटात नको. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा सावकाश वेग उतरवा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. परत आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात धरा. एकीकडे जास्त धग लागली, तर तिथली पिन अजून धरतेय. ते चाक पुन्हा खोला.