पोरांचा मोबाईल: किती वेळ ते नंतर बघू, कधी आणि कुठे ते आधी ठरवा

पोरगं मोबाईल सोडत नाही ही तक्रार शाळेच्या गेटवर, सोसायटीच्या बाकड्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ऐकायला मिळते आणि त्याला जोडूनच प्रश्न येतो की दिवसाला किती वेळ दिला तर चालतं? तर ते आधी सांगून टाकते. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षं असेल तर जास्तीत जास्त एक तास आणि तोही कोणीतरी मोठं माणूस सोबत असताना, पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत, आणि दहाच्या पुढे झोप, खेळ, अभ्यास, घरच्यांबरोबरचा वेळ हे सगळं नीट होतंय ना ते बघून. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये लहान मुलांसाठी साधारण हेच सांगितलंय.

आकडे माहीत असावेत, पण घर आकड्यांवर चालवायला गेलं की दिवसभर नुसती घासाघीस होते. "आई अजून पाच मिनिटं", "काल दादाला जास्त दिलेलास", "ते तर अभ्यासाचं बघत होतो, ते धरायचं नाही". कोण बसणार हिशोब ठेवत? त्यापेक्षा दिवसातल्या काही वेळा आणि घरातल्या काही जागा अशा ठरवा की तिथे फोन नाही म्हणजे नाही, कोणाचाच नाही, बाबांचाही नाही. उरलेल्या वेळेत मग थोडं इकडेतिकडे झालं तरी आभाळ कोसळत नाही.

सुरुवात कशी करायची तर लगेच काही बंद करू नका. एक आठवडा फक्त बघा. कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहा, फोन किंवा टीव्ही कधी दिला आणि कोणी, कशासाठी दिला. आठवड्याने वाचाल तेव्हा लक्षात येतं की निम्म्या वेळा पोराने मागितलेलाच नसतो, आपणच दिलेला असतो. कुकर लावायचा होता म्हणून, ऑफिसचा कॉल आला म्हणून, पाहुणे बसलेत आणि हा मध्येमध्ये करतोय म्हणून. मग सोडवायचा असतो तो कुकरचा अर्धा तास, पोराचं व्यसनबिसन नाही. त्या अर्ध्या तासाला ओट्याजवळ खाली बसवून मटार सोलायला द्या, कोथिंबीर निवडायला द्या, कणकेचा गोळा द्या. पसारा होतो, हो, होतोच.

आता जेवण. यावर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात घट्ट बसलेली सवय हीच आणि सुटली तर सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो. व्हिडिओ लावला की पोर तोंड उघडतं, आपण घास ढकलतो, वाटी संपते, सगळे खूश. पण आपण काय खातोय, पोट भरलं का, हे त्याच्या लक्षातच येत नाही. सोडवायचं असेल तर घरात फार धावपळ नसेल असा आठवडा निवडा, परीक्षा किंवा लग्नकार्य नको. जेवणाच्या आधी दीड-दोन तास बिस्किट, दूध, चिवडा काही नाही, म्हणजे खरी भूक लागेल. त्याला एकट्याला आधी भरवून मोकळं व्हायचं नाही, सगळ्यांच्या पंगतीत त्याचं छोटं ताट. ताटात थोडंसंच वाढा, मागितलं तर परत द्या. हाताने खाऊ द्या, सांडू दे, खाली जुनं बेडशीट टाका. अगदी लहान असेल तर काऊचा घास चिऊचा घास आहेच की, त्याला चार्जिंग लागत नाही.

पहिले काही दिवस रडारड होणार आणि दोन घास कमी जाणार, इथेच सगळे मोडतात, म्हणजे आजी तरी मोडतेच, "उपाशी ठेवणार का लेकराला" म्हणून. तब्येत बरी असलेलं मूल एखादं जेवण कमी जेवलं तर पुढच्या वेळी भरून काढतं. वजन आधीच कमी असेल किंवा आजारातून उठलेलं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच हे करा. आणि टीव्हीचा रिमोट जेवायच्या आधीच उचलून ठेवा. मोबाईल बंद आणि समोर टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा चालू, याला काही अर्थ नाही.

आजीचा विषय निघालाच आहे तर तोही उरकते. संध्याकाळी सात ते दहा सिरीयली चालू असतात, घर एवढंसं, पोराला कुठे पाठवणार? यात माझा सरळ नियम आहे, ज्याचे आईवडील त्याने बोलायचं. सुनेने सांगितलं की तो घरातला वाद होतो, मुलाने सांगितलं की नुसती सूचना असते. "आई, तुझी सिरीयल बघ, पण ताटं मांडली की बंद, राहिलेला एपिसोड मी तुला उद्या दुपारी मोबाईलवर लावून देतो" एवढं पुरतं बहुतेक वेळा. आणि आजी-आजोबांना नुसतं नाही म्हणू नका, त्यांना काम द्या. सागरगोटे, पट, पत्त्यातला झब्बू, बदाम सात हे त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं घरात दुसरं कोणी नाही.

बंद करताना जो आकांत होतो त्याबद्दल. चार वर्षांच्या पोराला "दहा मिनिटांत बंद" म्हणजे काय ते कळत नाही, "हा एपिसोड संपला की बंद" हे कळतं. म्हणून त्याला असंच काहीतरी लावून द्या ज्याला शेवट आहे. शॉर्ट्स आणि रील्सना शेवटच नसतो, अंगठा वर सरकवला की नवीन, मग मध्येच कुठे थांबवलं तरी ते हिसकावल्यासारखंच वाटणार ना. लहान मुलांना शॉर्ट्स देऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा अर्ध्या तासाचं कार्टून परवडलं. ऑटोप्ले बंद करा. शक्य असेल तर हातातल्या मोबाईलपेक्षा टीव्हीवर लावा, काय चाललंय ते येताजाता सगळ्यांना दिसतं. बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या, आणि पुढचं काम तयार ठेवा, खाली खेळायला जायचंय, आंघोळ आहे, बाबा आलेत. नुसतं बंद केलं आणि पुढे काहीच नाही, तर रडणारच.

आणि रडून परत मिळतो हे एकदा जरी कळलं तरी पुढच्या वेळी दुप्पट रडतं. द्यायचाच असेल तर रडायच्या आधी द्या, रडल्यावर नाही.

सेटिंग्जचं थोडक्यात. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, त्यात मुलाच्या फोनला रोजची मर्यादा, रात्री ठराविक वेळेला लॉक, नवीन ॲपला आपली परवानगी हे सगळं लावता येतं. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम असतो. यूट्यूब किड्समध्ये सर्च बंद करून फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं करता येतं, टायमरही आहे. तुमचाच फोन देत असाल तर ॲप पिन करून द्या म्हणजे तिथून बाहेर पडून ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे पाठवणार नाही. मोठ्यांच्या यूट्यूबवर वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली की होमवर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं, हे घरातल्या मोठ्यांनाही बरंच उपयोगी आहे. कार्ड सेव्ह करून ठेवू नका, खरेदीला पासवर्ड लावा, आणि यूपीआयचा पिन पोरांसमोर टाकू नका कारण त्यांना तो पाठ होतो, आपल्याला वाटतं बघत नाहीये.

शाळेचं प्रकरण जरा वेगळं आहे. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, मग "अभ्यासाला फोन दे" म्हणून घेतला की तासाभराने कळतं की अभ्यास दहा मिनिटांत झालेला. इथे करायचं एवढंच की मेसेज आपण वाचायचा आणि मुलाने तो वहीत उतरवून घ्यायचा, फोन परत. मोठी वर्कशीट असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट. ऑनलाइन क्लास असेल तर हॉलमध्ये टेबलावर, दार लावून आतल्या खोलीत नाही. पालकसभेत चारपाच जणांनी मिळून नीट शब्दात विनंती केली की गृहपाठ फळ्यावरच लिहून द्या, तर बऱ्याच बाई-सर ऐकतात, त्यांनाही रात्री ग्रुपवर उत्तरं देत बसायची हौस नसते.

रात्रीचा नियम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद आणि घरातले सगळे फोन रात्री हॉलमध्ये एकाच जागी चार्जिंगला. "मला अलार्म लागतो" हे कारण सगळे देतात, त्यासाठी गजराचं साधं घड्याळ आणा.

एकट्याच्या घरात जमत नसेल तर चारपाच घरांनी मिळून करा. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली, भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला, मोठे वाचायला किंवा गप्पांना. तिथे एका पोराला एकट्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही कारण शेजारच्याचाही बंद असतो. आपल्या बिल्डिंगमध्ये भोंगा नको, पण एका मजल्यावरच्या तीन घरांनी सात ते साडेआठ ठरवलं तरी पोरं आपोआप एकत्र येतात. डबा ऐसपैस, लगोरी, लंगडी, काही शिकवावं लागत नाही, नियमांवरून भांडतात आणि खेळतात. संध्याकाळी उजेड असताना बाहेर गेली तर अजूनच चांगलं, रोज बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसण्याचा धोका कमी असतो हे डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात.

"कंटाळा आला" म्हणाले तर म्हणू द्या. प्रत्येक कंटाळ्यावर आपण क्लास, ॲक्टिव्हिटी, खेळणं घेऊन धावायची गरज नाही. हाताशी कागद, कात्री, डिंक, जुने खोके आणि पुस्तकं असली म्हणजे झालं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, ते घरी सुरू करा.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांना हे सगळं चालत नाही, त्यांना नियम सांगायचे नसतात, ठरवायला सोबत बसवायचं असतं. वेळ त्यांनाच सुचवू द्या, फक्त जेवण आणि रात्रीचा नियम सोडायचा नाही. इन्स्टाला वयाची अट तेरा आहे, त्याआधी खोटी जन्मतारीख टाकून अकाउंट काढून देणारे पालकच असतात, ते करू नका. अठराच्या आतल्यांसाठी तिथे टीन अकाउंट असतं, ते मुळातच प्रायव्हेट असतं आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात, सोळाच्या आतल्या मुलांना त्यातली बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे हे त्यांना माहीत असू द्या, मित्र लिंक पाठवतात. आणि एक वाक्य आत्ताच सांगून ठेवा: "कोणी फोटो मागितला, धमकी दिली, काही घाण पाठवलं तर मला सांग, मी तुझा फोन काढून घेणार नाही." फोन जाईल या भीतीनेच मुलं लपवतात. मदत लागलीच तर मुलांसाठी १०९८ आहे, पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०.

डॉक्टरांकडे कधी जायचं? फोन काढला की मारतं, स्वतःला आपटून घेतं, झोप उडाली, शाळेत जायचं नाही म्हणतं, मित्र सुटले, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर. आणि दीड वर्षाचं होऊनही एक शब्द बोलत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, तेव्हा "मोबाईलमुळे झालंय, बंद केला की बोलेल" म्हणत थांबू नका. मोबाईल बंद कराच, पण ऐकू नीट येतं का आणि बाकीचं सगळं बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, कारण दुसरंही असू शकतं.

राहिला प्रवास आणि आजारपण. कोकणात जाताना सहा-सात तास गाडीत बसायचंय, किंवा ताप आलाय आणि पडून आहे, तेव्हा द्या हो थोडा जास्त, अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. घरूनच दोनतीन सिनेमे डाऊनलोड करून न्या म्हणजे घाटात रेंज गेली की दंगा नको, आवाज कमी ठेवा, डब्यातल्या इतर लोकांना तुमचं कार्टून ऐकायचं नसतं. फक्त निघायच्या आधीच सांगा की हे गाडीपुरतं आहे, आणि घरी पोचलं की फोन आपल्या पर्समध्ये, पोराच्या बॅगेत नाही.