कातळावरच्या डबक्यातला व्हॉल्व्हॉक्स: शोधायचा कसा, जगवायचा कसा

शेवाळ म्हटलं की पाय घसरवणारा हिरवा थर आठवतो. व्हॉल्व्हॉक्स हे शेवाळ मात्र कशालाच चिकटत नाही. अर्ध्या खसखशीएवढा हा हिरवा गोळा स्वतःभोवती गरगरत पाण्यात फिरतो. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव बघणाऱ्या डच लेवेनहुकने १७०० साली त्याचं वर्णन केलं. तो एक जीव नसून वसाहत आहे. जातीनुसार पाचशेपासून हजारो पेशी पारदर्शक बुळबुळीत गोळ्याच्या पृष्ठभागावर बसलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीला दोन चाबकासारखे केस असतात. ते सगळे तालात हलले की गोळा पुढे सरकतो.

कोकणात तो मिळण्याची चांगली वेळ म्हणजे पावसाचा जोर ओसरून ऊन पडायला लागतं ते दिवस, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. भर जुलैत डबकी रोज धुऊन निघतात, तिथे वसाहती टिकत नाहीत. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या उथळ डबकी, भातखाचरांच्या कडेचं थांबलेलं पाणी आणि गावची तळी बघावीत. खाडीलगतची खाचरं सोडून द्या. खारं पाणी त्याला चालत नाही.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान जा. पांढऱ्या वाटीत किंवा स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी घेऊन उजेडासमोर धरा. गोळे असतील तर डोळ्यांनाही दिसतात. ते उजेडाकडे सरकतात, ही त्यांची पहिली ओळख. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल आणि बाटली ठेवल्यावर तो नुसता वर तरंगत राहिला, तर ते बहुधा मायक्रोसिस्टिस. त्याच्याही वसाहतीच असतात, पण ते हिरवं शेवाळ नाही, निळं-हिरवं आहे आणि ते विषारी असू शकतं. त्यात हात घालू नका आणि जनावरांनाही ते पाणी पाजू नका.

पाणी विरळ असेल तर जुन्या मलमलीच्या फडक्यातून पाच-सहा लिटर गाळा. फडकं पिळायचं नाही, उलटं करून थोड्या पाण्यात हलकेच विसळायचं. बाटली दोन तृतीयांशच भरा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. काठोकाठ भरलेली बाटली दुपारी गाडीच्या डिकीत राहिली की संध्याकाळी हाती फक्त हिरवट पाणी लागतं.

खाचरात उतरताना पायाला जखम असेल तर गमबूट घाला. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा असतो. सड्यावर दगड उचलताना फुरसं (विषारी साप) आहे का ते आधी बघा.

घरी आल्यावर लगेच झाकण उघडा आणि बाटलीची एकच बाजू खिडकीकडे करा. वीस-तीस मिनिटांत गोळे उजेडाच्या बाजूला गोळा होतात. तिथून ड्रॉपरने उचला. सोबत पाणपिसवा आणि रोटिफर हे पाण्यातले बारीक प्राणीही येतात, आणि ते वसाहती फस्त करतात. म्हणून एकेक गोळा उकळून गार केलेल्या पावसाच्या पाण्याच्या थेंबात टाका, मग दुसऱ्या थेंबात, असं चार-पाच वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण इथेच घाई केली तर आठवड्यात बरणीत नुसत्या पिसवा उरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट आणि मग १०० पट पुरे. नुसती कव्हर स्लिप (वरची पातळ काच) ठेवली तर गोळा चिरडतो; चारी कोपऱ्यांवर व्हॅसलिनचे ठिपके लावून ती उचलून धरा. आत गडद हिरवे गोळे दिसतील, ती पिल्लं, म्हणजे नव्या वसाहती. पोटात असताना पिल्लाचे केस आतल्या बाजूला असतात. नंतर ते मोज्यासारखं उलटं होतं आणि केस बाहेर येतात. कधी पिल्लाच्या पोटात नातवंडंही दिसतात. पिल्लं बाहेर पडली की आई फुटून मरते, म्हणून फाटकी रिकामी पोती दिसली तर घाबरू नका. १६ पेशींची चपटी ताटली दिसली तर तो गोनियम, गच्च मुठीसारखा गोळा पँडोरिना. ही त्याचीच भावंडं.

वाढवायचं असेल तर काचेच्या बरणीत एक सेंटिमीटर बागेतली, खत न घातलेली माती आणि चिमूटभर खडूची पूड (कॅल्शियम कार्बोनेट) घाला. जिप्समचे खडू चालत नाहीत. वर तीन चतुर्थांशापर्यंत पावसाचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. झाकण सैल ठेवून शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये एक तास वाफ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास. एक दिवस निवू द्या, मग १० ते २० धुतलेले गोळे सोडा. उत्तरेची खिडकी उत्तम, थेट ऊन नको. ट्यूबलाइटवर रोज १४ ते १६ तास ठेवता येतं, पण पावसाळ्यात कोकणातल्या विजेचा भरवसा किती ठेवायचा? तापमान २० ते २५ अंश हवं; तीसच्या वर गेलं की वसाहती मंदावतात. दोन आठवड्यांनी थोडं पाणी नव्या बरणीत हलवा, कारण दाटी झाली की सगळं एकदम कोसळतं.

पाणी नारिंगी दिसू लागलं की बरेच जण बरणी ओतून टाकतात. तेव्हा आधी भिंगातून बघा. जाड कवचाचे नारिंगी दाणे असतील तर ते युग्मबीज आहेत. नर-मादी पेशींच्या मीलनातून ते तयार होतात आणि कोरड्या मातीतही टिकतात. सड्यावरचं डबकं पावसाळ्यानंतर आटतं, तरी पुढच्या पावसात व्हॉल्व्हॉक्स परत येतो तो याच दाण्यांतून. ती माती सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. डबकं आटल्यावर तळाची माती आणून ठेवली तरी चालते. मे महिन्यात त्यातली चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून उजेडात ठेवा आणि पंधरा दिवस रोज सकाळी बरणी खिडकीसमोर धरून बघत राहा.