शाळकरी मुलाच्या घरावर संकट आले असता मदत कशी उभी करावी

आग, पूर, कर्त्या माणसाचा मृत्यू किंवा घरातील हिंसा असा प्रसंग ओढवला, की धावून येणाऱ्यांची सहसा वाण नसते. अडचण होते ती प्रत्येक जण तीच हकीगत नव्याने विचारू लागतो म्हणून. त्यामुळे शिक्षक, पालक आणि शेजारी यांनी सर्वांत आधी कुटुंबाच्या विश्वासातील एकच व्यक्ती संपर्कासाठी ठरवावी आणि सर्व चौकशा, पैसे व सामान तिच्यामार्फतच जाऊ द्यावे.

पहिल्या दिवशी तिने एवढेच विचारावे: आज रात्री झोपण्याची जागा सुरक्षित आहे का, जेवण आणि नेहमीची औषधे आहेत का, मुले नेमकी कोणाजवळ आहेत. उत्तरे लिहून ठेवावीत. ताटातूट झालेले मूल केवळ ओळख सांगणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नये. खातरजमा आणि नोंद करूनच सोपवावे.

मुलाशी बोलताना जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये इतर संस्थांसह प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतील ‘पाहा, ऐका, जोडा’ हे सूत्र पुरेसे आहे; जोडा म्हणजे गरजेची मदत आणि आपली माणसे यांच्याशी गाठ घालून द्या. ऐकणे म्हणजे खोदून विचारणे नव्हे. घडलेले सारे एकदा सांगून टाकले की मन मोकळे होते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. परंतु सांगण्याची सक्ती केल्यास उलट त्रास वाढू शकतो, म्हणून मूल गप्प राहिले तर त्याच्यासोबत नुसते बसावे. अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, पोट दुखणे या गोष्टी अशा काळात नेहमीच्या आहेत आणि त्यावरून रागावू नये. काही आठवड्यांनीही त्या ओसरल्या नाहीत तर तज्ज्ञाकडे न्यावे. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकू आली, तर मात्र मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी न्यावे.

मुलाने मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कदापि देऊ नये. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून बालसंरक्षण यंत्रणेला तात्काळ कळवावे. संशयिताला परस्पर जाब विचारल्यास मुलाचा धोका वाढतो.

शाळा लवकर सुरू होणे हाही उपचाराचाच भाग आहे. तोच वर्ग आणि तेच मित्र ठेवावेत, गृहपाठ कमी करावा, हरवलेल्या कागदपत्रांसाठी प्रवेश अडवू नये. वर्गमित्रांना किती सांगायचे, हे मुलाला आणि पालकांना विचारून ठरवावे.

दुकाने चालू असतील तर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांपेक्षा रोख रक्कम बरी, कारण गरज काय आहे हे त्या घरालाच ठाऊक असते. मदत स्वीकारतानाचे मुलांचे छायाचित्र काढू नये.

पहिल्या आठवड्यात डबे उरतात आणि महिन्याभराने कोणी फिरकत नाही. म्हणून जेवण, मुलांची ने-आण आणि कार्यालयीन कामांतील सोबत यांच्या पाळ्या आरंभीच दोन-तीन महिन्यांवर वाटून घ्याव्यात.