आयपी मिळत नाही? राउटर रिसेट करण्याआधी हे करा

वायफाय जोडताना फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' (म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता मागतोय) यावरच अडकला की सल्ला ठरलेला: राउटरच्या मागच्या भोकात पिन घाला. कृपा करून घालू नका. त्याने कनेक्शनचं पीपीपीओई (ब्रॉडबँडच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि ते लिहून ठेवलेलं नसेल तर ब्रॉडबँडवाल्याचा माणूस येईपर्यंत अख्ख्या घराचं नेट बंद.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. फोनमधलं ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा.

तरी अडलंच तर विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी म्हणजे राउटरकडून उत्तरच आलं नाही, लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी वाटणारी सोय) चालू आहे का आणि त्याची रेंज किती, ते बघा. पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते ११० एवढाच असेल तर अकरा आयपी झाले. दोन टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन आले की संपले. २०० पर्यंत वाढवा.

आयपी १९२.१६८ वाला नीट आहे, पण राउटरच्या वॅन (कंपनीकडून येणाऱ्या जोडणीच्या) स्टेटसमध्ये ०.०.०.० दिसतंय? मग भानगड बाहेरच्या बाजूची. राउटर नुकताच बदलला असेल तर कंपनीला नवा मॅक ॲड्रेस (राउटरचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवायला सांगा.

खरी डोकेदुखी दोन राउटरच्या घरात. हॉलमध्ये फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर; आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून लॅन पोर्टला (घरातल्या यंत्रांच्या भोकाला) लावलेला जुना राउटर, आणि दोघेही आयपी वाटतायत. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा आयपी यंत्र घेतं. म्हणून नेट कधी चालतं, कधी नाही, आणि रीस्टार्टनंतर नशिबाने चाललं की लोकांना वाटतं, झालं दुरुस्त! मलाही याच प्रकाराने सगळ्यात जास्त छळलंय. ओळखायचं कसं? दोन-तीन फोनवर वायफायच्या माहितीत गेटवे, म्हणजे फोन ज्यातून बाहेर जातो त्या राउटरचा पत्ता, बघा. एकावर १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१ दिसलं की चोर सापडला. दोन्ही राउटरचा पत्ता एकच असेल तर मात्र असं कळणार नाही. जुना राउटर बंद ठेवून बघा.

जुन्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (आयपी न वाटता फक्त वायफाय देणं) असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याची मुख्य राउटरकडून येणारी केबल काढा, लॅपटॉप थेट त्याला जोडा आणि हाच क्रम पाळा: आधी त्याचा लॅन आयपी (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून) १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा, नव्या पत्त्यावर पान उघडा, मग डीएचसीपी बंद करा. उलट केलंत तर लॅपटॉपला आयपीच मिळणार नाही आणि पान उघडायला तो हाताने घालावा लागेल. मुख्य राउटरची रेंज २ पासून सुरू होत असेल तर ती १०० पासून करा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनलाही जाईल. केबल परत लावताना लॅन पोर्टमध्येच. वॅन लिहिलेलं भोक रिकामं ठेवा. नवा पत्ता चिकटपट्टीवर लिहून राउटरच्या तळाला लावा.

'फोनला स्टॅटिक आयपी (हाताने घातलेला कायमचा पत्ता) द्या' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. घरी चालेल, ऑफिसच्या वायफायवर तेच कराल तर तिथे अडेल. प्रिंटरला कायमचा आयपी हवा असेल तर राउटरमध्येच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करा, म्हणजे तो आयपी त्याच्यासाठी राखून ठेवा.

शेवटी एक फोन हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत जोडा. दोन्हीकडे गेटवे १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे.