पोस्ट कामाची, आवाज तुमचा

लिंक्डइनवरच्या कितीतरी पोस्ट ‘कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे’ अशा सुरू होतात. वरचं नाव झाकलं, तर त्या कुणी लिहिल्या हे ओळखता येत नाही. दुसरीकडे घरची दुःखं आणि ऑफिसातला राग मांडणाऱ्या पोस्ट असतात. त्यांत माणूस दिसतो, पण त्याच्यावर काम सोपवावं असं वाटत नाही. व्यक्तिमत्त्व दिसण्यासाठी खासगी आयुष्य उघडं करायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही आपल्या कामाकडे कसं बघता, ते दिसलं तरी पुरतं.

म्हणून सुरुवात कामातल्या बारकाव्यापासून करा. समजा, तुम्ही लेखापरीक्षक आहात. ‘पारदर्शकता हा व्यवसायाचा पाया आहे’ हे कुणीही लिहील. ‘ताळेबंद हातात आला की मी आधी त्याला जोडलेल्या टिपा वाचते, कंपनीवरचे खटले आणि तिने दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी तिथे सापडतात’ हे लिहायला मात्र ते काम केलेलं असावं लागतं. एकाच वाक्यात तुमची सवय दिसते आणि जाणकारीही. असा बारकावा पोस्टच्या तळाशी ठेवू नका. लिंक्डइन ३,००० अक्षरं देतं खरं, पण फीडमध्ये आधी पहिल्या काही ओळीच दिसतात.

मग मत द्या, आणि त्याला कारण जोडा. ‘हे सॉफ्टवेअर भिकार आहे’ ही नुसती चिडचिड झाली. ‘मोठ्या फाइलींत ते अडकतं, म्हणून मी लहान कामांपुरतंच वापरतो’ यातून वाचकाच्या हाती काहीतरी लागतं.

स्वतःच्या फजितीवर विनोद करायचा असेल, तर वेळ बघा. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्नमंजूषेत जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या उमेदवाराने अंगावर कॉफी सांडली, तेव्हा त्याचं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना तो जास्त आवडला. बेताची उत्तरं देणाऱ्याने तेच केलं, तेव्हा तो नावडता झाला. तेव्हा आधी तुमचं काम लोकांना दिसू द्या. नवख्या क्षेत्रात तर विनोदाची घाई नकोच.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. समोरच्या सहकाऱ्याशी बोलताना जे वाक्य तुमच्या तोंडी कधी येणार नाही, ते काढून टाका.

पोस्ट करण्याआधी आकडे मूळ ठिकाणी जाऊन तपासा आणि ते कुठून घेतले ते लिहा. ग्राहकाचा किस्सा त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. नाव वगळलं तरी तपशिलांवरून माणूस ओळखू येतो. रागात लिहिलेला मजकूर एक रात्र तसाच राहू द्या. आणि पोस्ट गेल्यावर कुणी चूक दाखवली, तर ती गुपचूप पुसण्याऐवजी दुरुस्त करा, काय बदललं ते तिथेच लिहा आणि दाखवणाऱ्याचे आभार माना.