हॉरर गेमच्या नव्या भागाविषयी पहिले मत कसे बनवावे

हॉरर मालिकेचा नवा भाग आला की 'भीती वाटते का?' हे सगळे आधी विचारतात. पहिले मत बनवताना मात्र हाच प्रश्न सर्वांत कमी कामाचा ठरतो, कारण भीती ही गेमइतकीच खेळणाऱ्याच्या खोलीवर, हेडफोनवर आणि आदल्या रात्रीच्या झोपेवर अवलंबून असते. त्याऐवजी या भागाने जुन्या खेळाडूच्या हातातून काय काढून घेतले आणि त्या बदल्यात काय दिले, याची नोंद ठेवावी. २५ सप्टेंबर २०२५ रोजी आलेला, 'सायलेंट हिल' या मालिकेतला 'सायलेंट हिल एफ' हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे.

आधी आवाजाची व्यवस्था पाहावी. हा गेम ऐन नवरात्रात आला, तेव्हा वडोदऱ्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या कोणी रात्री नऊला तो सुरू केला असता, तर अकिरा यामाओकांच्या संगीतावर खालच्या गरब्याचा ढोल चढला असता आणि मत गेमपेक्षा लाउडस्पीकरविषयीच झाले असते. या मालिकेत आवाज ही सजावट नव्हे. १९९९च्या पहिल्या भागात राक्षस दिसण्याआधी खिशातल्या रेडिओची खरखर वाढत असे, आणि खेळाडू डोळ्यांआधी कानांनी सावध होत असे. म्हणून गल्ली शांत झाल्यावर, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून आणि ट्यूबलाइट बंद करून बसावे. संवाद जपानी ठेवून सबटायटल वाचावेत, असे माझे मत आहे. कथा जपानमधली असल्यामुळे इंग्रजी आवाजात पात्रे थोडी परकी वाटतात.

त्यानंतर जुन्या भागांशी तुलना करावी, पण ती कारणांसह. पहिल्या भागातले धुके हा मुळात नाइलाज होता: प्लेस्टेशनला दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, म्हणून ते धुक्याआड लपवले गेले आणि पुढे तीच मालिकेची ओळख झाली. आजच्या यंत्रांना तशी अडचण नाही, त्यामुळे नव्या भागात धुके नेमके कुठे दाट होते आणि कशासाठी, हे पाहावे. 'एफ'ची कथा अमेरिकेतल्या सायलेंट हिल या गावात नसून १९६०च्या दशकातल्या जपानमधील एबिसुगाओका या काल्पनिक गावात घडते. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि वडोदऱ्यातल्या मांडवीजवळच्या पोळात, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, वळणावर समोरचा माणूस एकदम अंगावर यावा, तसे तिथे धुक्यातून काहीतरी समोर येते. रुंद रस्त्यावरच्या धुक्यात पळायला वाव असतो. इथे तो फारसा नाही. असा फरक सापडला की तो तिथल्या तिथे लिहून ठेवावा.

सर्वाधिक लक्ष मात्र हातातल्या वस्तूंवर द्यावे. नायिका हिनाको शाळकरी मुलगी आहे. तिच्याकडे बंदूक नाही, लोखंडी पाइपसारखी हत्यारे आहेत, ती वापरून झिजतात, मोडतात आणि दुरुस्त करावी लागतात. प्रत्येक झटापटीनंतर आपण लढलो की पळालो, आणि तो निर्णय हत्यार वाचवण्यासाठी घेतला की घाबरून, हे एका ओळीत टिपावे. गेम सेव्ह करण्यासाठी छोट्या देवळ्या आहेत. तिथे जवळच्या काही वस्तू अर्पण केल्या की 'फेथ' मिळते आणि त्यातून हिनाकोची ताकद वाढवता येते. जखम भरणारी वस्तू झोळीत ठेवावी की देवापुढे, असा विचार करत आपण त्या देवळीपुढे किती वेळ उभे राहिलो, यावरून गेमची पकड अचानक किंकाळ्या फोडणाऱ्या दृश्यांपेक्षा अधिक नीट कळते. वार चुकवून उलटा वार करण्यावर दिलेला भर मला किंचित जास्त वाटला. काही ठिकाणी भीतीची जागा सरावाने घेतली.

कथेविषयी पहिल्या बैठकीत निकाल देऊ नये. लेखक र्युकिशी०७ यांनी अनेक शेवट ठेवले आहेत, पण पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला एकच शेवट दिसतो, बाकीचे पुन्हा खेळल्यावरच उघडतात.

बैठक संपताच, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही वाचण्याआधी, टिपणे पूर्ण करावीत. टिपणाच्या डोक्यावर कठीणपणाची निवड अवश्य लिहावी. या गेममध्ये लढाई आणि कोडी यांची पातळी वेगवेगळी निवडता येते, त्यामुळे 'स्टोरी' पातळीवर लढणाऱ्याचे मत 'हार्ड' निवडणाऱ्याला परस्पर लागू पडत नाही. ग्रुपवर टाकताना कथेतला कोणता टप्पा पार झाला आहे, तेही वरच सांगावे, म्हणजे ज्यांना पुढचे कळायला नको आहे ते तिथेच थांबतील.